पंचेचाळीसच्या वर

इंदोरा, नागपूर
६ एप्रिल २०२५

दादा, जय भीम.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे जिवंत आहेत. तू नंबर बदललास आणि तो मला द्यायचा नाही अशी आईला शपथ घातलीस. आईनं शपथ मोडली नाही. पण पत्ता देऊ नको असं तू म्हणाला नव्हतास, म्हणून पत्ता तिनं दिला. आपल्या आईनं वकिली करायला हवी होती.

भांडण मिटवायला लिहीत नाही. ‘त्या रिंग रोडवर गाडी नेली तर मले भाऊ म्हणू नको’ असं तू म्हणालास, मी नेली, आणि तू चाकणच्या कारखान्यात निघून गेलास. ते सगळं आहे तिथंच राहू दे. मला फक्त गाडीबद्दल विचारायचं आहे. गाडी तू बनवलीस, दुसऱ्या कोणाला विचारू?

गाडीला पिकअप नाही. इथल्या गॅरेजवाल्यांना मी जे पाठ केल्यासारखं सांगते तेच तुला लिहिते, त्यात काही चुकत असेल तर कळव. सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आहे. माझे पाय लहानपणी मणक्याच्या टीबीनं गेले, म्हणून भावानं स्टिअरिंगच्या डावीकडे हाताचा दांडा बसवला. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की ॲक्सिलरेटर. आरटीओनं पास केलेली आहे. एवढं ऐकेपर्यंत मिस्त्री आधी दांड्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि विचारतो, “सोबत कोणी नाही का, मॅडम?”

सोबत कोणी नाही. दांडा पूर्ण ओढला तरी काटा पंचेचाळीसच्या वर जात नाही. एसी लावला की चाळीस. उड्डाणपूल चढताना तर सायकलवाले मागे वळून बघतात. कामठीत असताना असं होतं का, मला सांगता येत नाही, कारण कामठीच्या गल्ल्यांत चाळीसच्या वर जायला जागा होती कुठे?

एका मिस्त्रीनं प्लग बदलले. दुसऱ्यानं एअर फिल्टर बदलला आणि पहिल्याला शिव्या दिल्या. तिसरा म्हणाला, गिअरबॉक्स गेला, विकून टाका. दांड्याला मात्र कोणी हात लावत नाही. “ज्यानं केलं त्यालेच विचारा, ताई, आमच्या हातून काही उलटसुलट झालं तर?” म्हणून ज्यानं केलं त्याला विचारते आहे. एका ओळीत उत्तर दे. ‘प्रिय’ वगैरे लिहू नकोस, जमायचं नाही.

दामिनी


१७ एप्रिल

दादा,

उत्तर नाही. पोस्टमननं उशीर केला असं धरून चालते.

चौदा एप्रिलला आई कामठीहून ऑटोनं आली होती. तुझ्या खोलीतला पंखा दुरुस्त केला म्हणाली. तू तिला दर रविवारी फोन करतोस, हेही चुकून बोलून गेली आणि मग पदरानं तोंड पुसत बसली. माझ्याबद्दल काय विचारतो, असं विचारलं तर म्हणाली, “गाडीले ब्रेक बराबर लागून राहिले का, एवढंच पुसते.”

बरं झालं ते कळलं. कारण दांडा आता ढिला झाला आहे. ब्रेक मारायला पुढे ढकलला की आधी थोडा खुळखुळतो आणि मग लागतो. ब्रेक लागतात, घाबरू नकोस, पण मधला तो खेळ वाढतो आहे. पिकअपचं तर तसंच आहे. म्हणजे पळायलाही येईना आणि थांबायलाही नीट येईना.

परवा एका नव्या गॅरेजवाल्याकडे गेले. त्यानं बॉनेट उघडलं, बंद केलं, गाडीभोवती एक फेरी मारली आणि निदान केलं, “ताई, गाडीले नजर लागून राहिली.” मी नको नको म्हणेपर्यंत बंपरला लिंबू-मिरची बांधून मोकळा झाला. काचेवर बाबासाहेबांचा स्टिकर आणि खाली लिंबू-मिरची! चौकातून गाडी गेली तेव्हा इंदोऱ्यातली पोरं काय हसली म्हणून सांगू. घरमालकीण रंभाबाईंनी ती तोडली, लिंबू धुऊन सरबत केलं आणि मिरच्या फोडणीत घातल्या. माझं आठवड्यातलं तेवढंच हसू.

आता खरं काम. मिहानमध्ये आमच्या ऑफिसात नवीन मॅनेजर आल्या आहेत, कामिनी मॅडम. वाईट नाहीत, पण नियमाच्या पक्क्या. आतापर्यंत मी आठवड्यातून दोनदाच ऑफिसला जायचे, बाकीचे विम्याचे दावे घरून तपासायचे. एक जूनपासून सगळ्यांनी रोज, नऊच्या आत. कंपनीची बस आहे, तिला तीन उंच पायऱ्या आहेत. जूनअखेर माझं प्रोबेशन संपतं, तेव्हा कायम करायचं की नाही ते ठरेल.

शहरातून गेलं तर सिग्नलवर सिग्नल, सव्वा तास लागतो. रिंग रोडनं सिग्नल नाहीत, पण ट्रक आहेत, आणि ट्रकांमध्ये पंचेचाळीसनं जाणं म्हणजे म्हशींच्या कळपात कोंबडी सोडणं. जवळ राहायला जा म्हणशील. चाक ढकलत थेट आत जाता येईल अशी खोली मी किती शोधली, तुला माहीत नाही. रंभाबाईंचे यजमान शेवटी व्हीलचेअरवर होते, म्हणून इथे उतार आहे आणि बाथरूमचं दार रुंद आहे. नागपुरात दुसरी अशी खोली मला मिळालेली नाही.

तर आता दोन प्रश्न झाले. पिकअप का नाही, आणि दांड्याचा खेळ कसा काढायचा? तू रागाव, शिव्या दे, पण लिही.

दामिनी


९ मे

दादा,

पंचेचाळीस. हे तापमान आहे, स्पीड नाही. स्पीड त्याहून कमी.

तिसरं पत्र आहे हे. आईला विचारलं, पत्रं मिळतात का त्याला? म्हणाली, “मिळतात.” काही म्हणतो का? “नाही म्हणत.” आणि लगेच, “तू जेवली का?”

एसी लावला तर गाडी रांगते आणि मागून हॉर्नचा कल्लोळ. म्हणून एसी बंद करून जाते. काच खाली घेतली की भट्टीचं तोंड उघडल्यासारखी हवा येते. माझ्या पायांना चटका बसला तरी कळत नाही, हे तुला मी सांगायला नको. मागच्या आठवड्यात सीटचं लोखंड तापलेलं होतं, पोटरीवर फोड आला आणि मला तो संध्याकाळी दिसला. डॉक्टर रागावल्या. आता ओला पंचा पायांवर टाकून निघते.

रंभाबाईंना वाटतं, उंदरांनी वायरी कुरतडल्या असतील. त्यांनी कोणाकडून तरी ऐकलं की तंबाखूच्या वासानं उंदीर येत नाहीत. चौकातून दोन खर्रे आणून त्यांनी बॉनेटमध्ये ठेवले. मला पत्ता नाही. मी थोडा वेळ एसी लावला आणि गाडीभर खर्ऱ्याचा वास. ऑफिसच्या गेटवर चेअर काढायला गार्ड आला, त्यानं नाक वर केलं आणि अगदी आपुलकीनं म्हणाला, “मॅडम, तुम्ही पण?”

बघ, तुला हसवायचा प्रयत्न करते आहे. हसला असशील तर लिही.

दादा, आता हसत नाही. नीट ऐक. या गाडीत काय आहे ते तुला कळतं, तूच बनवली आहेस. कामठीच्या घरी चार पायऱ्या होत्या. त्या चार पायऱ्यांच्या आत माझं सगळं तरुणपण गेलं. तू पाठीवर घेऊन उतरवायचास, तू कामावरून येशील तेव्हा. तू थकून आलास की मी म्हणायचे, आज नको. कितीतरी वेळा मी ‘आज नको’ म्हटलं, मला जायचं असताना. मग गाडी आली. आता मी कोणाला विचारत नाही. दवाखाना, बँक, दीक्षाभूमी, पाणीपुरी, मनात आलं की जाते. ही गाडी बंद पडली तर नोकरी जाईल, नोकरी गेली की खोली जाईल, आणि मी परत त्या चार पायऱ्यांच्या आत. मला तिथं परत जायचं नाही. आईचं घर आहे, प्रेमाचं घर आहे, तरी जायचं नाही. मरण आलं तरी चालेल, असं मी लिहिणार होते, पण तू आईला सांगशील.

मला हात जोडता येतात. जोडते. सांग ना, काय बिघडलं आहे?

दामिनी


२८ मे

दादा,

आज अक्षर वाईट आहे, लावून घे.

एक जूनच्या आधी रिंग रोडची सवय करावी म्हणून सकाळी रंभाबाईंनी चेअर मागच्या सीटवर टाकून दिली आणि मी निघाले. डावी धरून चालले होते. पुढे कडब्याचा ट्रॅक्टर होता, अगदी सावकाश. इंडिकेटर दिला, आरशात बघितलं, मागचा ट्रक लांब होता. खूप लांब होता, दादा, माझी चूक नव्हती. मी उजवीकडे घेतली आणि दांडा ओढला. कोणतीही गाडी एवढ्या वेळात ट्रॅक्टरच्या पुढे गेली असती. माझी गेली नाही. मी ट्रॅक्टरच्या शेजारीच राहिले, चाकाला चाक लावून, आणि मागे हॉर्न वाढत गेला. मी दांडा ओढतेय, ओढतेय, खांद्यातून कळ आली, आणि गाडी तेवढीच. पुढे जाता येईना. ब्रेक मारला असता तर ट्रक वरून गेला असता.

ट्रकवाल्यानं उजवीकडे दुभाजकाला घासत काढली. माझा उजवा आरसा गेला. नुसता आरसा. मी पुढे कशी थांबले मला आठवत नाही. ट्रॅक्टरवाला म्हातारा खाली उतरून आला आणि मला म्हणाला, “उतर वं बाई, सावलीत बस.” मी म्हटलं, मला उतरता येत नाही. तो काचेतून आत बघत राहिला आणि मग स्वतःचीच पाण्याची बाटली त्यानं माझ्या हातात दिली. पाणी गरम होतं. सगळं प्यायले.

तू म्हणाला होतास, तो रोड तुला खाईल. खाल्लं नाही. पण खाल्लं असतं ते रोडनं नाही, या गाडीनं खाल्लं असतं. तुझ्या गाडीनं.

आईला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस. तुला काही वाटत असेल तर आता तरी तोंड उघड.

दा.


६ जून

दादा,

काल पार्सल आलं.

तुझं अक्षर मी दारातूनच ओळखलं. रंभाबाईंना म्हटलं, आधी कात्री द्या. आत जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली पितळी बुश, नवीन पिन आणि ग्रीसची छोटी डबी. मी बनियन झटकला, डबीचं झाकण उघडून बघितलं, खोकं उलटं केलं. चिठ्ठी नाही. ब्रेकचा खेळ काढायचं सामान पाठवलंस आणि पिकअपबद्दल एक अक्षर नाही.

तरी मी रडले, सांगून टाकते. एवढ्या महिन्यांनी तुझ्या हातचं काही आलं. पिनवर फाइल मारल्याच्या खुणा होत्या. तूच घासली असणार.

आज सुट्टी टाकून विक्रमकडे गेले. हा चौकातला, पंक्चर आणि सर्व्हिसिंग दोन्ही करतो, बडबड्या आहे पण खोटं बोलत नाही. सामान बघून त्याला धीर आला. “आता ज्यानं केलं त्यानंच पाठवलं म्हणता, तर मी लावतो.” स्टिअरिंगखाली डोकं घालून त्यानं जुनी बुश काढली, नवीन बसवली. ब्रेक आता लोण्यासारखा लागतो. खेळ अजिबात नाही. त्याबद्दल आभार.

मग तो खालूनच म्हणाला, “ताई, हा बोल्ट कायचा हो?”

कोणता बोल्ट?

“दांडा जिथं मागं येते ना, तिथं पट्टीवर एक बोल्ट वेल्ड करून ठेवला हाये. दांडा अर्ध्यातच त्याच्यावर आदळते. तुम्ही पूर्ण ओढून राहिल्या असं तुम्हाले वाटते, पण केबल अर्धीच ओढल्या जाते. गाडीले काहीच झालं नाही, ताई. गाडी मस्त हाये. कोणीतरी मुद्दाम अडवली.”

प्लग बदलले. फिल्टर बदलला. गाडी विकायचं गिऱ्हाईक बघायला सांगितलं होतं मी, दादा. उन्हात एसी बंद करून, पाय भाजून घेऊन गेले. आणि तू तीन पत्रं वाचलीस. तिन्ही पत्रांत मी एकच विचारलं. तुला उत्तर ठाऊक होतं. ठाऊक कशाला, तुझ्या हातांनीच वेल्ड केलेलं होतं. मी गल्ल्यांतून चालवायला शिकत होते तेव्हाच लावलास की मी खोली बघितली त्या दिवशी? मला थांबवता आलं नाही म्हणून माझी गाडी थांबवलीस?

चौथं पत्रही पोचलं असेल. ट्रकचं. ते वाचून पार्सल पाठवलंस की आधीच पाठवलं होतंस? पोस्टाचा शिक्का पुसट आहे. मी भिंग लावून बघितला. ते पत्र वाचूनही तू नुसती ब्रेकची पिन पाठवली असशील तर, दादा, मला खरंच कळत नाही तू माझा कोण आहेस.

विक्रमला म्हटलं, काढ तो. नाही म्हणाला. “तिथूनच केबल जाते. ग्राइंडर लावला अन् केबलले आच लागली, मग रोडवर अडकली तर? तुमचा जीव माझ्या डोक्यावर नको. ज्यानं लावला त्याच्याच हातानं निघू द्या.”

ज्यानं लावला तो बोलत नाही.


८ जून

आईला बोलावून घेतलं. बोल्टचं नाव काढलं आणि ती मटकन खाली बसली.

मला वाटलं, तिला धक्का बसला. धक्का नव्हता. ती म्हणाली, “मीच सांगतलं त्याले.”

म्हटलं, काय सांगितलंस?

“तू ऐकून नव्हती राहिली. सामान बांधून बसली होती. मी धम्माच्या पाया पडली. मा असून पोराच्या पाया पडली. म्हटलं, तिले जाऊ दे, पण गाडी हळू कर. तो नाही म्हणे. म्हणे, आई, हे धोक्याचं हाये, तिले सांगू दे मले. मी म्हटलं, सांगशीन तर ती काढून टाकीन. माह्या गळ्याची आण घातली त्याले.”

म्हणजे तुलाही शपथ. आपल्या घरात माणसं कमी आणि शपथा जास्त. तू तिला नंबराची घातलीस, तिनं तुला बोल्टाची घातली, आणि मधल्या मध्ये मी ट्रकखाली.

आई रडत होती. मी तिला पाणी दिलं नाही. थोड्या वेळानं दिलं. तिला ट्रकचं सांगितलं, सगळं, आरशापर्यंत. ती उठून बाहेर गेली आणि तुटक्या आरशाच्या जागेवर हात फिरवत उभी राहिली. मग आत येऊन म्हणाली, “धम्माले माफ कर. मले नको करू.”

तर आता मला कळलं की तू रागावून गेला नव्हतास. तुला माझ्यासमोर बसून जेवता येत नव्हतं. हे कळून माझा राग कमी व्हायला हवा होता. नाही झाला. आईचं काळीज आहे, ती भिते. तू गाड्यांतला माणूस आहेस. अडवलेली गाडी रस्त्यावर किती धोक्याची असते हे तुला कळत होतं. आणि तू आईची शपथ पाळलीस.

तू पाठीवर घ्यायचास तेव्हा मी कधी भ्यायले नाही. कारण तू घेऊन जात होतास तिकडेच मला जायचं असायचं.


१५ जून

दादा,

मी तो बोल्ट काढते आहे. तुला विचारत नाही, कळवते आहे.

ऑफिसात दोनदा उशीर झाला. कामिनी मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. “दामिनी, काम चांगलं आहे तुमचं, पण मी किती दिवस सांभाळून घेऊ?” मी काय सांगणार, माझ्या भावानं गाडीला बेडी घातली आहे? म्हटलं, गाडीत थोडा प्रॉब्लेम आहे, होईल.

ग्राइंडर नको तर नको. हॅक्सॉचं पातं मिळतं ना. आज रविवार होता. रंभाबाईंनी गाडी कडुनिंबाखाली लावून घेतली. मी सीट पूर्ण मागे केली, पाय हातानं उचलून बाजूला ठेवले आणि वाकले. केबलवर ओल्या चिंध्या बांधल्या. पात्याला एका बाजूला कापड गुंडाळून घासायला लागले. माझे पाय नाहीत, पण हात बघ. इतकी वर्षं सगळं अंग या दोन हातांनीच ओढलं आहे.

चांगलं वेल्डिंग करतोस तू. तुझ्या कारखान्यातल्या साहेबाला सांग. एक पातं तुटलं, दुसरं आणलं. रंभाबाई मोबाईलचा उजेड धरून बसल्या आणि दर थोड्या वेळानं, “हात कापशीन वं, राहू दे, माणूस बोलावू.” मी म्हटलं, माणसं खूप झाली, मावशी. बोट कापलं. पट्टी बांधली. पुन्हा घासायला लागले. घासता घासता मी तुला जे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही, रंभाबाईंनी ऐकलं आणि त्यांना खूप आवडलं.

दुपार कलली तेव्हा तो तुटला आणि टण्णकन खाली पडला. मी दांडा ओढला. दादा, तो थांबलाच नाही. मागे येत राहिला, पार माझ्या पोटाला येऊन टेकला. मला रडू फुटलं. एवढा माझा होता आणि मला माहीतच नव्हतं.

विक्रमला बोलावून तपासून घेतलं. केबल ठीक, दांडा आपोआप परत जातो, कुठे अडकत नाही. कापलेल्या तोंडावर त्यानं फाइल मारून दिली. नवीन आरसाही लावला. “तुमचे भाऊ रागावतीन,” म्हणाला. म्हटलं, रागवायला आधी बोलावं लागतं.

उद्या रिंग रोड.

दामिनी


२९ जून

धम्मादादा,

दोन आठवडे रोज जाते आहे. पहिल्या दिवशी साठ. जास्त नाही. एसी लावून साठ! पुढे टँकर आला, मी इंडिकेटर दिला, दांडा ओढला आणि टँकर मागे गेला. एवढंच. जगात रोज हजारो माणसं टँकरच्या पुढे जातात आणि त्यांना काहीही वाटत नाही. मी बाजूला थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं ठेवून बसले. मग उशीर होईल म्हणून निघाले. नऊला दहा कमी असताना गेटवर होते.

कायम केलेलं नाही. प्रोबेशन तीन महिने वाढवलं. कामिनी मॅडम म्हणाल्या, “जूनच्या पहिल्या पंधरवड्याची हजेरी बघता मला एवढंच करता आलं.” मी भांडले नाही. तीन महिने मला पुरे आहेत, गाडी आता माझ्या बाजूची आहे.

खोटं सांगत नाही, भीती वाटते. रोज वाटते. मागे हॉर्न वाजला की पाठीतून थंड काहीतरी जातं, जिथपर्यंत माझी पाठ मला कळते तिथपर्यंत. तुम्ही दोघं भ्यालात ते वेडेपणानं नाही. हे मला आता स्टिअरिंगमागे बसून कळतं. पण भीती माझी मला असू दे. तुम्ही ती माझ्या गाडीत वेल्ड करून ठेवू नका.

आईशी अजून मी धड बोलत नाही. बोलेन. ती डबा पाठवते, मी खाते, डबा धुऊन परत पाठवते. परवा डब्यात भाकरीसोबत कागदाचा तुकडा होता. तुझा नंबर. तिच्या वेड्यावाकड्या आकड्यांत. शपथ मोडली तिनं. मी तो तुकडा पर्समध्ये ठेवला आहे आणि फोन केलेला नाही. मी फोन केला तर तू ‘ब्रेक बराबर लागतात का’ विचारशील, मी ‘हो’ म्हणेन, आणि आपण दोघं पुन्हा गाडीच्या आड लपू.

म्हणून शेवटचं लिहिते. उत्तर नको. माफी तर मुळीच मागू नकोस, मला देता येईल की नाही मलाच माहीत नाही. तू ये. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला सगळं जग नागपुरात येतं, तू चाकणहून येऊ शकत नाहीस? पुण्याची गाडी सकाळी अजनीला लागते. रिक्षा करू नकोस. मी घ्यायला येईन. मला खाली उतरता यायचं नाही, तू मला शोध, पांढरी गाडी, निळा स्टिकर.

पुढे बस, माझ्या शेजारी. आपण रिंग रोडनं जाऊ. मी साठनं चालवेन, समोर ट्रक आला तर त्याच्या पुढे काढेन. तू घाबरशील, आणि तुझा पाय आपोआप खाली दाबला जाईल.

दाबू नकोस, दादा. तुझ्या बाजूला ब्रेक नाही.

दामिनी